तुम्ही विचारलंत म्हणून: ती पोस्ट का काढली नाही

लग्नात विचारतात, नागपुरात बर्डीच्या बाजारात पार्किंग शोधत असताना थांबवून विचारतात, परवा तर दातांच्या डॉक्टरने मी तोंड उघडं ठेवून पडलेली असताना विचारलं, की मॅडम, एक पोस्ट काढून टाकली असती तर काय बिघडलं असतं? तोंडात कापूस होता म्हणून बोलता आलं नाही. आता सगळ्यांना एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी मी गप्प बसले तरी चालेल.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही काही जण नागपूरच्या आणि वऱ्हाडाच्या खाण्यावर ऑनलाइन लिहितो, नोकऱ्या-घरं सांभाळून, हौसेने. एक दिवसाचा मेळावा ठरवला होता, घरगुती स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे स्टॉल, गप्पा, पाट्यावर मसाला वाटून दाखवणं, असं सगळं. एक मसाला कंपनी मुख्य प्रायोजक होणार होती, तीन लाख देणार होती, आणि मेळावा आठवड्यावर आला असताना ती मागे सरली. कारण आमच्यातल्या एका काकूंची जुनी पोस्ट.

त्या पोस्टमध्ये काय होतं तेही धड कुणी वाचलेलं नाही. लोकांना वाटतं काकूंनी शिव्या घातल्या. काकूंनी बाजारातून तयार सावजी मसाल्याची पाकिटं आणली आणि त्यांची मागची बाजू वाचली, बस. पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानेच द्यावी लागते, तसा नियमच आहे, म्हणजे जे नाव पहिलं ते आत सगळ्यात जास्त. एका पाकिटावर पहिलं नाव मिठाचं होतं. काकूंनी लिहिलं की बापा, मीठ तर माझ्या घरी आहे, मसाल्याच्या भावात कशाला घेऊ? पुढे त्यांच्या घरच्या मसाल्यात काय काय जातं ते, दगडफूल, खसखस, सुकं खोबरं, भिवापुरी मिरची, आणि रस्सा जवसाच्या तेलात का करायचे ते. कंपनीचं नावही नव्हतं. पण फोटोत पाकिटाचा रंग दिसत होता आणि नागपुरात तो रंग कोण ओळखत नाही?

आता तुमचा पहिला आक्षेप, की आधीच तपासायचं होतं. अहो, पोस्ट आमची बोलणी सुरू व्हायच्या कितीतरी आधीची. आमच्यातला प्रत्येक जण काय काय खाऊन काय काय लिहून बसलाय याची यादी मी ठेवत नाही, ठेवणारही नाही. ती यादी कंपनीच्या मुंबईतल्या एजन्सीने केली, पैसे सोडायच्या आधी.

दुसरा आक्षेप, लेखी करार का नाही केला. करत होतो ना! मोठ्या कंपनीकडून पैसे घ्यायचे म्हणजे आधी व्हेंडर रजिस्ट्रेशन, त्यासाठी पॅन, कॅन्सल्ड चेक, जीएसटी नंबर नसेल तर नसल्याचं डिक्लेरेशन, मग पीओ म्हणजे लेखी ऑर्डर निघणार, मग पीओवर निम्मे पैसे आधी. आमची नोंदणीकृत संस्था नाही, म्हणून माझ्या पॅनवर चाललं होतं, आणि फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जात होती. त्यांचा 'तत्त्वतः मान्य' असा मेल होता. वकील मैत्रिणीला दाखवला, ती म्हणाली भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, त्यात तोंडी करारही करारच असतो, आणि कलम ७३ खाली मोडणाऱ्याकडून नुकसानभरपाईही मागता येते, पण तत्त्वतः मान्यला करार ठरवण्यात तुझे जोडे झिजतील आणि तोवर माझ्या मुलाचं लग्न होईल. मुलगा तेव्हा पाचवीत होता.

आणि ते सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांना समाजकार्यावर खर्चावे लागतात त्या पैशांतून, घ्यायचे होते म्हणणारे काका, तुम्हालाही नमस्कार. नफ्याच्या दोन टक्क्यांचं कंपनी कायद्यातलं ते जे कलम १३५ आहे त्याच्या नियमांत लिहिलंय की स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप त्यात धरायची नाही. मसाला कंपनीने खाण्याच्या मेळाव्याला दिलेले पैसे दुसरं काय असतात?

असो. खरी गोष्ट त्या दुपारची आहे.

कंपनीच्या इथल्या एरिया मॅनेजरने मला गोकुळपेठेत चहाला बोलावलं. हा मुलगा चांगला होता, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण गोष्टीत त्याचा राक्षस करून टाकला लोकांनी. नागपूरच्या महाल भागातलाच, शिकलेला इथेच, मेळाव्याची कल्पना त्यानेच वर नेऊन विकली होती. त्या दिवशी चहा आला तरी कपाला हात लावेना. मग म्हणाला, "मॅडम, मुंबईहून फोन आला. ते काकूंची पोस्ट पाहून राहिले." मी म्हटलं, मग? "डिलीट नाही म्हणत कोणी. फक्त आर्काइव्ह करा म्हणतात, प्रोग्राम होईपर्यंत. नंतर पुन्हा दिसू द्या, कोणाले समजते?" मी म्हटलं, असं मला मेलवर लिहून पाठव. तो हसला, वाईट हसला नाही, दमलेला हसला. "असं मेलवर कोण लिहिते, मॅडम."

इथे लोक मला टेबलावर हात आपटायला लावतात. माझ्या नणंदेने तर मी चहा तसाच सोडून उठले असं तिच्या भिशीत सांगितलंय. मी चहा प्यायला, पूर्ण. आणि मी नाही म्हटलं नाही. मी म्हटलं, बघते.

बाहेर येऊन गाडीवर बसले, गाडी चालू केली नाही, तिथूनच काकूंना फोन लावला. डोक्यात गणित चाललं होतं, हॉलचं भाडं, मांडव, साऊंड, अमरावती-यवतमाळहून येणाऱ्या बायकांचं येणं-जाणं, ज्यांना आम्ही शब्द दिला होता की तुमच्या खिशातून एक पैसा जाणार नाही. फूड लायसन्सवाल्यांची ती वर्षाला १०० रुपयांची साधी नोंदणीसुद्धा आम्हीच एकेकीची फोनवर ओटीपी मागून करून दिली होती. तर मी काकूंना गोल गोल सांगायला लागले, की असं असं आहे, तात्पुरतं आहे, डिलीट नाही. काकूंच्या मागे कुकरची शिट्टी वाजत होती. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं.

"खोटं लिहिलं का म्या?"

"नाही काकू."

"मंग?"

"मग तीन लाखांचा प्रश्न आहे."

बराच वेळ नुसता कुकर. मग म्हणाल्या, "तुयासाठी काढतो बापा. आता काढतो. पण मंग मी त्या प्रोग्रामले येत नाही. त्यांच्या बॅनरखाली बसून मसाला वाटू अन् त्यात काय असते ते सांगू नको, असं मले नाही जमत."

आता बघा. पाट्यावर मसाला वाटून दाखवणार होत्या त्या काकूच. अर्धे लोक तेवढ्यासाठी येणार होते. म्हणजे काय बिघडलं असतं याचं उत्तर खरं तर इतकं सोपं आहे, काकू आल्या नसत्या. हे मी आजवर बोलले नाही कारण ते बोललं की मग तत्त्वाचं वगैरे जे तेज माझ्या तोंडावर लोकांनी चढवलंय ते उतरतं. मी काकूंना म्हटलं, राहू द्या, नका काढू. पण त्या "काढतो, अन् येतो" म्हणाल्या असत्या तर? मला खरंच माहीत नाही. मी राहू द्या म्हटलं ते पोस्टसाठी की पाट्यासाठी, हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता प्रश्नच गुळगुळीत झालाय.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला फोन करून जमणार नाही म्हटलं, आणि वर एक पर्याय दिला, जो मला अजूनही फार चांगला वाटतो. तुमचा माणूस स्टेजवर आणा, त्याला विचारू की मीठ पहिलं का. कारण असेल ना काहीतरी, टिकण्यासाठी असेल, गिऱ्हाईकाला वरून मीठ घालायला लागू नये म्हणून असेल, भाव खाली ठेवायला असेल, तर सांगा की चारचौघांत. काकू प्रश्न विचारतील, तो उत्तर देईल, लोक टाळ्या वाजवतील. पोराला ते पटलं, "हे भारी आहे मॅडम" म्हणाला. मुंबईला नाही पटलं.

मग मेल आला. ज्या बाईंचं नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं त्यांच्याकडून, बजेटची फेररचना झाल्यामुळे या तिमाहीत सहभागी होता येणार नाही, मेळाव्याला शुभेच्छा. त्यात पोस्टचा उल्लेख नाही, काकूंचा नाही, मिठाचा तर नाहीच. कागदावर पाहिलं तर काकूंच्या पोस्टमुळे प्रायोजक गेला हे कुठेच सिद्ध होत नाही, ते माझं म्हणणं आणि त्या मुलाचं म्हणणं, आणि त्या मुलाची नंतर दुसऱ्या राज्यात बदली झाली. म्हणून मी कंपनीचं नाव घेत नाही. घाबरते का? थोडी घाबरते. पॅन माझा होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मोठा हॉल सोडला, डिपॉझिटमधले थोडे परत मिळाले. मुळात तारीख जानेवारीची घेतली होती कारण डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन इथे भरतं, १९५३ च्या नागपूर कराराची कृपा, त्या दिवसांत हॉटेलात खोली मिळत नाही आणि पोलिसांकडे परवानगीला गेलं तर सगळे बंदोबस्तावर. त्याचा उलटा फायदा झाला, पौष होता, लग्नं नव्हती, ओळखीतलं एक मंगल कार्यालय रिकामं पडलेलं, त्यांनी विजेच्या बिलावर दिलं. फ्लेक्स छापून आले होते, त्यांचा लोगोचा वरचा पट्टा कात्रीने कापला, त्यामुळे मेळाव्याच्या नावाची वेलांटी पण गेली. लोक आले. काकूंनी मसाला वाटला. बाहेरगावच्या बायकांचं भाडं आम्ही चौघांनी भरलं आणि माझा वाटा माझ्या नवऱ्याला अजून पूर्ण कळलेला नाही, हे वाचलं तर कळेल.

पण मेळावा झाला म्हणून आम्ही जिंकलो असं जे लिहितात ना, त्याने मला जास्त चिडायला होतं. कसले जिंकलो? त्या वर्षी कॅमेरा लावून सगळ्या म्हाताऱ्या बायकांच्या पाककृती नीट रेकॉर्ड करायच्या होत्या, ते पैसेच नव्हते. त्यातल्या एक आजी पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. त्यांचा गोळाभात आता कुणाकडेच नाही, सुनेला विचारलं तर ती म्हणाली त्या मला आत येऊच द्यायच्या नाहीत. हे काकूंच्या पोस्टच्या पारड्यात टाकून बघा, मग मला सांगा काय बिघडलं असतं आणि काय नाही. मी टाकून बघते कधीकधी रात्री, आणि दुसऱ्या पारड्यात काकूंचा तो प्रश्न टाकते, आणि मग उठून पाणी पिते.

माझं खरं भांडण कंपनीशी नाहीच, त्या बाईशी आहे जिने प्रायोजकाला पाठवायचं प्रेझेंटेशन केलं होतं, म्हणजे मीच, त्या वर्षीच्या दिवाळीत, फराळाचं सोडून. तिसऱ्याच स्लाइडवर तिने ठळक अक्षरात लिहिलंय, आमच्या लिहिणाऱ्यांवर वाचकांचा विश्वास आहे. किती अभिमानाने लिहिलं होतं! मी तिला विचारते, बाई गं, विश्वासच दुकानात मांडलास, मग गिऱ्हाईकाने हात लावून पाहिला तर राग कसला? ती म्हणते, मग काय मांडायचं होतं, तुझा पगार? वर्गणीवर केलं असतं तर पाचशे-पाचशे रुपये मागत फिरली असतीस आणि गणपती मंडळवाल्यांसारखं लोकांनी तुला पाहून दार लावलं असतं. दिवाळी अंक जाहिरातींवर चालतात तेव्हा तुला काही होत नाही. मी म्हणते, जाहिरातवाला आतली कथा बदलायला सांगत नाही. ती म्हणते, तुला काय माहीत सांगतो की नाही? इथे माझ्याकडे उत्तर नसतं.

यंदा दुसऱ्या एका कंपनीचा मेल आलाय, तेलवाली आहे. चांगला मेल आहे, नम्र, आणि खाली एक तक्ता जोडलाय, सहभागी लिहिणाऱ्यांची नावं आणि त्यांच्या अकाउंटच्या लिंका भरून पाठवा. मी तो अजून भरलेला नाही. काकू म्हणाल्या, माझं नाव वर टाक, पहिलंच जाऊ दे. आमच्यातला जो हिशेब बघतो त्याच्याशी रोज वाद चाललाय, मी म्हणते करारात एक ओळ घालू, आधी लिहिलेलं काहीही काढायला किंवा लपवायला सांगता येणार नाही. तो म्हणतो घाल, पण मग ती ओळ वाचून सही करणारी कंपनी पण तूच शोध, आणि नाही सापडली तर पौषातलं कार्यालय आत्ताच धरून ठेव, कारण गेल्या वेळी विजेच्या बिलावर दिलं ते यंदा भाडं सांगून राहिले.