तिसऱ्या पावसाळ्यानंतर डबी उघडली

गेल्या रविवारी मावळात आत्याच्या गावी जाऊन माझी जिओकॅशिंगची डबी उघडली. जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेली डबी फोनवरच्या नकाशावरून शोधायचा खेळ. जूनच्या पहिल्या आठवड्यात बंद केली होती, त्यानंतर साडेचार महिने मी तिकडे फिरकलेच नव्हते. झाकणाचं रबर सुटताना 'पच्' असा आवाज झाला आणि तेव्हाच माझा निम्मा जीव भांड्यात पडला, कारण रबर ढिलं पडलेलं असलं की झाकण आवाज न करता निघतं. आतला कागद कोरडा होता, कडासुद्धा वळल्या नव्हत्या. तीन वर्षांत तीन डब्या झाल्या आणि सबंध पावसाळा तगलेली ही पहिलीच.

शोधण्याबद्दल आपण सगळेच भरभरून लिहितो. माझ्याही वहीत या वर्षी 14 सापडल्या आणि 9 डीएनएफ, म्हणजे शोधूनही न सापडलेल्या, अशी नोंद आहे. नऊपैकी निदान पाच ठिकाणी डबी जागेवर नव्हतीच, याची मला जवळजवळ खात्री आहे. कुणीतरी कधीतरी हौसेनं ठेवली, पुढे बदली झाली, परदेशी गेले, आणि ती बिचारी वाहून गेली किंवा भंगारात गेली. म्हणून आज ठेवण्याबद्दल लिहिते. आपल्याकडे खरा कस तिथे लागतो.

पहिली डबी आमच्या घराजवळच्या टेकडीवर होती. बाटली फुगवण्याआधीची जी जाड नळी असते, प्रीफॉर्म, ती एका मित्रानं दिली होती. पाणी आत जात नाही, झाकण घट्ट बसतं, वजन काहीच नाही. झाडीत मिसळून जावी म्हणून मी तिला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली आणि गिरिपुष्पाच्या बेचक्यात बांधून आले. कुणाला विचारलं नव्हतं. अठराव्या दिवशी सकाळी पोलीस चौकीतून फोन आला. फिरायला येणाऱ्या एका आजोबांनी ती पाहिली आणि 112 लावला होता.

आजोबांचं काहीच चुकलं नाही. पुण्यानं फेब्रुवारी 2010 चा जर्मन बेकरीतला स्फोट पाहिलाय, 1 ऑगस्ट 2012 ची जंगली महाराज रस्त्यावरची स्फोटांची संध्याकाळ पाहिलीय. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे वाक्य आपण स्टेशनावर उभं राहून हजारदा ऐकलेलं आहे. अशा गावात काळी टेप गुंडाळलेली नळी झाडाला बांधायची म्हणजे काय, हे मला टेबलावर ती नळी पडलेली पाहिली तेव्हा कळलं. हवालदार शांतपणे बोलले. नळीत मी इंग्रजीतली छापील चिठ्ठी घातली होती, ती हातात धरून म्हणाले, "मॅडम, हे वाचायला आधी उघडावी लागली ना? आणि उघडायची कुणी? वर मराठीत चार ओळी असत्या तर आजोबांनीच वाचून ठेवून दिली असती."

त्या दिवसापासून माझी डबी पारदर्शक असते आणि चिठ्ठी आतून काचेला चिकटवावी तशी, बाहेरून वाचता येईल अशी लावलेली असते. मजकूर इथे देते, हवा तर तसाच वापरा:

"नमस्कार. ही डबी जिओकॅशिंग नावाच्या खेळाची आहे. फोनवरच्या नकाशावरून डबी शोधायची, आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहायची आणि होती तिथेच परत ठेवायची, एवढाच हा खेळ. आत कागद आणि पेन्सिल आहे, दुसरं काही नाही. जागेच्या मालकांची परवानगी घेतली आहे. शंका वाटली किंवा डबी इथे नको असेल तर खालच्या क्रमांकावर फोन करा, मी येऊन घेऊन जाईन."

एक शब्द मुद्दाम गाळलाय. 'कॅश' (cache), म्हणजे खेळाडूंच्या भाषेत लपवलेली डबी. गावात हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याला पैसेच आठवतात, आणि दगडाखाली कॅश आहे ही बातमी गावात फिरावी असं कुणाला वाटेल? डबी म्हणावं, सोपं आहे.

दुसरी डबी आत्याच्या शेतात, बांधाच्या टोकाला ठेवली. या वेळी परवानगी होती, चिठ्ठी होती, चार कड्यांचा रबरवाला चांगला डबा होता. पहिल्याच पावसाळ्यात आत पाणी. मला पटेना, कारण घरी बादलीत बुडवून रात्रभर ठेवला होता तेव्हा थेंब शिरला नव्हता. मग लक्षात आलं की बादलीतलं पाणी आणि डबा दोघंही रात्रभर सारख्याच तापमानाला होते. बांधावर तसं नसतं. ऊन पडलं की आतली हवा तापते, फुगते आणि रबराच्या फटीतून थोडी बाहेर जाते. वरून गार सर आली की तीच हवा आकसते आणि डबा बाहेरून हवा ओढून घेतो. झाकणावर पाणी साचलेलं असेल तर हवेऐवजी पाणी ओढतो. दिवसातून चार वेळा ऊन आणि चार वेळा सर, असे चार महिने. डबा श्वास घेत राहतो म्हणा ना.

म्हणून तिसरी डबी मी पालथी ठेवली. झाकण खाली, दोन चपट्या दगडांवर टेकवून, जमिनीपासून चार बोटं वर, आणि डोक्यावर कातळाची पडवी. पाणी साचायला जागाच नाही. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. पुण्यात चाललेली युक्ती मावळात चालेलच असं धरू नका, आणि अमेरिकेत ओरेगनमधल्या माणसानं सांगितलेली तर आधी एक पावसाळा तपासा.

रबराच्या खाचेत वाळूचा एक कण किंवा आतल्या पिशवीचा एक कोपरा अडकला तरी सगळं फुकट जातं. शोधायला येणाऱ्यांना हात जोडून विनंती, झाकण लावण्याआधी खाचेतून एकदा बोट फिरवा. कागदाला मी लेजर पेपर, म्हणजे हिशेबाच्या वह्यांचा जाड कागद, वापरते आणि पेन्सिल. जेलपेनाची सही दमट हवेत पसरते. पेन्सिलीचं अक्षर कागद फाटेपर्यंत टिकतं. सिलिका जेलच्या पुड्या घालते खऱ्या, पण भर पावसात कुणी एकदा डबी उघडली की त्यांचं काम संपलं, हे धरूनच.

पण डबी वाचली ती नुसत्या पालथं ठेवण्यानं नाही. आपल्या खेळाची शिकवण अशी की न खेळणाऱ्यांच्या, म्हणजे मगलांच्या, नजरेस काही पडू द्यायचं नाही. ही शिकवण जिथून आली तिथे माणसं कमी आणि रान मोठं. आपल्याकडे मोकळं रान म्हणून काही नसतंच. गुराखी, सरपण वेचणाऱ्या बाया, मध काढणारे, करवंदांना आलेली पोरं, यांना प्रत्येक दगड ओळखीचा असतो आणि कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे हे त्यांना लांबूनच दिसतं. त्यांच्यापासून लपवून काही टिकत नाही. त्यांना सांगून ठेवलं की टिकतं.

ज्या कातळाखाली डबी आहे तो भैरवनाथाच्या देवळामागे, आत्याच्याच बांधाला लागून. मी देवळातल्या गुरवकाकांकडे गेले आणि सगळं दाखवलं. फोनवरचा नकाशा, उघडी डबी, कागद. 2000 सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकन सरकारनं सर्वसामान्यांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, शंभर मीटरचा घोळ एकदम काही मीटरांवर आला, आणि तो खरंच तेवढा नेमका झालाय का हे बघायला डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं 3 मे रोजी ओरेगनच्या जंगलात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांशाचे आकडे जाहीर केले, इथून सुरुवात झाली, हेही सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ताई, हितं राखणदार कोण?"

मी म्हटलं, तुम्ही व्हाल का?

"व्हतो की. देवाच्या पाठीला हाय, ध्यान तर राहनारच."

त्या एका प्रश्नानं माझी ठेवायची पद्धत बदलली. आता जागा निवडताना आधी राखणदार शोधते, मग दगड. चहाची टपरी, रोपवाटिकेचा माळी, देवळातला गुरव, कुणीही. ज्या जागेला राखणदार मिळत नाही ती जागा कितीही देखणी असली तरी सोडून द्यायची.

आता आकड्यांबद्दल, कारण भाचीला शिकवताना हाच गोंधळ पुन्हा पाहिला. आपले आकडे अंश आणि दशांशातल्या मिनिटांत असतात. 18 अंश 31.500 मिनिटं म्हणजे 31 मिनिटं 30 सेकंद. घाईत ते 31 मिनिटं 50 सेकंद असं वाचलं की तुम्ही सहाशे मीटर उत्तरेला जाऊन झुडपं उपसत बसता. माझ्या एका डबीवर आलेले दोन डीएनएफ याच कारणानं आले होते. आपल्या अक्षांशावर शेवटचा आकडा एकानं बदलला तर उत्तर-दक्षिण 1.85 मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे 1.75 मीटर फरक पडतो. फोनची चूक मोकळ्या आकाशाखाली तीन ते पाच मीटर असते, म्हणजे शेवटच्या आकड्यात दोन-तीनची हयगय चालते. पण कातळाला चिकटून उभं राहिलात तर उपग्रहाचा सिग्नल कातळावर आपटून उशिरा पोचतो आणि बाण नाचायला लागतो. या डबीचे आकडे मी तीन वेगवेगळ्या दिवशी, दर वेळी दहा मिनिटं फोन दगडावर ठेवून घेतले आणि सरासरी काढली. शोधणाऱ्यांनी शेवटच्या दहा पावलांत फोन खिशात टाकावा आणि डोळ्यांनी शोधावं.

डोळ्यांनी म्हणजे डोळ्यांनीच. कपारीत हात घालू नका. गेल्या वर्षी दुसऱ्या एका डबीच्या शोधात मी दगड उचलला आणि खाली फुरसं होतं. वीतभर लांब, मातकट, इंग्रजी आठच्या आकड्यात वेटोळं. अंगावरचे खवले एकमेकांवर घासत करवतीसारखा आवाज करत होतं. मी वाचले ते एका सवयीमुळे. दगड उचलताना पलीकडची कड धरून आपल्याकडे उचलायची, म्हणजे दगड तुमच्या आणि खालच्या जिवाच्या मधे राहतो. आधी काठीनं ठोकायचं, मग उचलायचं. कातळाच्या पडवीत गांधीलमाशीचं पोळं आहे का हे आधी मान वर करून बघायचं, आणि कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी डीएनएफ टाकून घरी यायचं. हे सगळं भाचीला पहिल्या दिवशी शिकवलं, आकडे नंतर.

परदेशातून दिवाळीला येणाऱ्या भावंडांसाठी एवढंच की उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं घरीच ठेवून या. परवान्याशिवाय ती आपल्याकडे बेकायदा आहेत आणि विमानतळावर अडकाल. शोधाशोधीला फोन पुरतो.

गडांबद्दल माझं मत ठाम आहे, तिथे डबी नको. 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यातले अकरा आपल्या राज्यातले. पण यादीत नसलेल्या गडाच्या तटातही फट दिसते म्हणून डबी खुपसली की पुढचे वीस जण आजूबाजूचा प्रत्येक चिरा हलवून बघणार. साडेतीनशे वर्षं उभी असलेली भिंत आपल्या सह्यांसाठी सैल करायची नाही. तिथे डब्याविना खेळता येतं.

त्याच वाटेनं पुढचं काम चालू आहे. कुकडी नदीवर निघोज आणि टाकळी हाजीच्या मधे जे रांजणखळगे आहेत, तिथे अर्थकॅश (EarthCache) करायचं मनात आहे. या प्रकारात डबी नसते, तिथली भूरचना वाचून प्रश्नांची उत्तरं पाठवायची असतात. 2004 पासून हा प्रकार चालू आहे. प्रश्न ठरवायला दोनदा जाऊन आले. एका रांजणाच्या कडेवर पोटावर झोपून आत पाहिलं तर तळाशी मुठीएवढे गोटे होते, अंड्यासारखे गुळगुळीत. पुरात तेच गोटे भोवऱ्यात गरागरा फिरतात आणि काळा बेसाल्ट आतून खरवडत खोल करत जातात. शेजारच्या उथळ खळग्यात नुसती वाळू होती. दोन्ही खळगे दाखवून फरक का, असं विचारायचा विचार आहे. पावसाळ्यात कडा शेवाळतात, तेव्हा पाऊल घसरलं तर सावरायला काही नाही, म्हणून डिसेंबर ते मे एवढ्यातच जावं अशी अट घालणार आहे. मळगंगेच्या देवळात राखणदाराबद्दल बोलायचं राहिलंय.

मावळातल्या डबीकडे परत येते. कागदावर सातच खेळाडूंचं नाव आहे, त्यातली दोन एकाच जोडप्याची. पण रविवारी कागद उलटला तर मागच्या बाजूला पेन्सिलीनं, ठळक आणि जरा तिरकं अक्षर:

आषाढ अमावास्या. डबी कोरडी.
श्रावण अमावास्या. मुंगळे होते, झटकले. डबी कोरडी.
भाद्रपद अमावास्या. कोरडी.

खाचेतून बोट फिरवायचं मी काकांना एकदाच दाखवलं होतं, तेही पहिल्या दिवशी. रबर धुऊन पुसल्यासारखं स्वच्छ होतं. मी काकांच्या ओळींखाली तारीख घालून सही केली, पालथी घालून ठेवली आणि निघाले. काल आत्याचा फोन आला, गुरवकाकांचा निरोप होता. पेन्सिल झिजून बोटभर राहिलीय, पुढच्या खेपेला नवी आण, आणि टोकयंत्रही आण.