रोहू, फायटेज आणि अस्तराचे शेततळे : माझा अनुभव

औसा तालुक्यातील आमच्या शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर आहे आणि माशांच्या खाद्याचा विचार मला त्या अस्तरापासूनच सुरू करावा लागला. मातीच्या तळ्यात शेणखत पडले की प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतात, गाळात किडे-अळ्या होतात आणि गोणीतल्या खाद्यात राहिलेली उणीव मासा तिथून भरून काढतो. अस्तराच्या तळ्यात ही सोय फार थोडी असते, त्यामुळे रोहूच्या पोटात जे जायचे ते बव्हंशी आपल्याच हातून जाते.

भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड समप्रमाणात, ही आपल्याकडची जुनी पद्धत. लातूरच्या बाजारात सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढून घेतल्यावर उरलेला चोथा, सहज मिळते, म्हणून मी शेंगदाणा पेंडीऐवजी ती घेतली. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारा घटक असतो, पण डीओसी तयार होताना मिळणाऱ्या उष्णतेने तो बराचसा निकामी होतो. शिवाय प्रथिने ४५ टक्क्यांच्या आसपास. कागदावर हिशेब चोख बसत होता. तरीही पाग, म्हणजे फेकायचे जाळे, टाकून नमुना काढला की वजन अपेक्षेच्या मागेच असे, आणि मासा चिरला तर आतड्याभोवती चरबीचा जाड थर दिसे.

उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकलेला माझा भाचा ते पाहून म्हणाला, "मामा, मासा खातोय, पण त्यातला फॉस्फरस त्याच्या अंगी लागत नाहीये." वनस्पतिजन्य खाद्यातला बहुतेक फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो आणि तो मोकळा करणारे फायटेज हे विकर (एन्झाइम) माशाजवळ नसते, वर तेच फायटेट जस्तासारखी खनिजेही धरून ठेवते. फॉस्फरस कमी पडला की वाढ खुंटते, हाडे कच्ची राहतात आणि अंगात चरबी साठते. मग फायटेज बाहेरून द्यावे, तर त्याला आम्लता लागते, आणि रोहूला जठरच नसल्यामुळे त्याच्या आतड्यात ती मिळत नाही. म्हणून फायटेजबरोबर सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्त्व, द्यायचे. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतील संशोधकांनी रोहूच्या पिल्लांवर याच जोडीचा अभ्यास केलेला आहे. त्याच धर्तीवर आम्ही किलोभर खाद्यामागे ५०० युनिट फायटेज आणि ३ टक्के सायट्रिक आम्ल हे प्रमाण धरले.

खरी कसोटी मिश्रण करताना लागली. फायटेज उष्णतेने निकामी होते, त्यामुळे कोंडा आणि मैदा शिजवून, लगदा हाताला पूर्ण गार लागल्यावरच ते कालवायचे, यंत्रातून शेवेसारख्या कांड्या पाडायच्या आणि सावलीत वाळवायच्या. उन्हाळ्यात आमच्याकडे सावलीसुद्धा तापलेली असते, म्हणून हे काम रात्री गोठ्याच्या पडवीत चाले. क जीवनसत्त्वाचेही तसेच आहे. बहुतेक माशांना ते स्वतः तयार करता येत नाही, आणि ते कमी पडले तर पाठीचा कणा वाकतो, जखमा लवकर भरत नाहीत. पण साधे क जीवनसत्त्व साठवणीत उडून जाते, म्हणून टिकाऊ फॉस्फेट रूपातलेच घेतले.

दुकानदाराने सोबत 'ग्रोथ प्रमोटर'चा डबा आणि रोग येण्याआधीच द्यायचे प्रतिजैविक पुढे केले होते. डब्यावर घटक आणि प्रमाण छापलेले नव्हते, तो परत ठेवला. प्रतिजैविक तर निरोगी माशाला देणे मला अघोरीच वाटते. त्याने आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि रोगाचे जिवाणू औषधाला सरावतात.

नवे खाद्य छिद्रे पाडलेल्या गोणीत भरून बांबूला टांगू लागलो. पुढच्या नमुन्यांत वजन चढत गेले आणि आतड्याभोवतीची चरबी कमी दिसू लागली. याचा एक फायदा माझ्या हिशेबात आधी नव्हता. न पचलेला फॉस्फरस विष्ठेतून पाण्यात उतरतो आणि त्यावर शेवाळ माजते. आमच्या तळ्याचे पाणी ठिबकने डाळिंबाला जाते, आणि त्या हंगामात फिल्टरची जाळी धुण्यासाठी मोटार बंद करण्याची वेळ पूर्वीपेक्षा कमी आली.