पांढऱ्या तारेवर काळी टेप

आज तळघरातल्या बेसबोर्ड हीटरची, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसणाऱ्या लांबट विजेच्या हीटरची, वायरिंग पुरी झाली. इन्स्पेक्टर बघून जाईपर्यंत ब्रेकर बंदच ठेवायचाय, त्यामुळे हे लिहितानाही अंगात स्वेटर आणि पायात मोजे.

सकाळपासून डोक्यात एकच घोळतंय, या हीटरला न्यूट्रलच नाही. एक फेज, एक न्यूट्रल, फेज तोडला की विषय संपला, हे भारतात लहानपणापासून बघितलेलं. अमेरिकेत हीटरला 240 व्होल्ट लागतात ते 120-120 च्या दोन तारांमधून, आणि करंट दोन्हींत. केबलमधली पांढरी तार इथे एरवी न्यूट्रल असते, पण या हीटरला तीसुद्धा त्या दोन तारांतलीच. म्हणून तिच्या दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळली. उद्या कुणी डबा उघडला, तर पांढरी दिसली म्हणून बिनधास्त हात लावायला नको.

थर्मोस्टॅटही त्यामुळेच डबल पोल, म्हणजे दोन्ही तारा तोडणारा, घेतला. सिंगल पोल स्वस्त पडतो, पण तो तोडतो एकच तार. म्हणजे हीटर गार आणि आतल्या एलिमेंटला दुसऱ्या तारेचे 120 व्होल्ट चिकटलेलेच. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. अर्थात डबल पोल असला तरी झाकण उघडण्याआधी ब्रेकर पाडायचा आणि टेस्टर लावायचा, हे आहेच.

हिशोब सोपा होता. चौरस फुटाला 10 वॅट धरतात, खोली दीडशे चौरस फुटांची, म्हणून 1500 वॅटचा हीटर. तो सव्वासहा अँपिअर खातो. 12 गेज जाडीची तार, 20 अँपिअरचा ब्रेकर. तासन्तास चालणारा लोड असल्यामुळे ब्रेकरच्या 80 टक्केच धरायचे, म्हणजे 16 अँपिअर. पुढेमागे असाच दुसरा हीटर याच लाइनवर सहज बसेल. वॅटचं सगळेच विचारतात, भिंतीचं कुणी विचारत नाही. उघड्या काँक्रीटला आधी इन्सुलेशन केलं नसतं, तर कितीही वॅट कमीच पडले असते.

वेळ खाल्ला तो हीटरच्या टोकाच्या डब्याने. फॅक्टरीतून आलेला तिथला जोड सोडवायचा, पुरवठ्याची एकेक तार एकेका टोकाला जोडायची. दुसऱ्या टोकाचा जोड तसाच ठेवायचा. 12 गेजचं तांबं ताठ, पत्र्याच्या कडा धारदार. वायर नट (तारांची टोकं जोडणाऱ्या टोप्या) घट्ट पिळून प्रत्येक तार ओढून बघितली, अर्थ हिरव्या स्क्रूखाली आवळला, तारांच्या घड्या घालून त्या आत दाबल्या. झाकण काही पहिल्या झटक्यात बसलं नाही.

हीटर खिडकीखालीच आहे, काचेवरून खाली उतरणारा गारवा तिथेच अडावा म्हणून. फक्त थोडा डावीकडे सरकवला, कारण भिंतीवरच्या सॉकेटमधून लोंबणारी वायर तापलेल्या पत्र्यावर पडायला नको.

पहिल्यांदा चालू केला की पत्र्यावरचं तेल आणि धूळ जळून वास येणार. तेवढा वेळ खिडकी उघडी ठेवायची, असं घरी सांगून ठेवलंय. सगळ्यांनी माझ्याकडे जरा विचित्रच बघितलं.