घरच्या कंपनीत बाहेरचा माणूस कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. गोव्यात कुंडई असो, वेर्णा असो की बेतोडा, औद्योगिक वसाहतीत हा प्रश्न हमखास येतो: "कंपनी घरची आहे, वडिलांपासून चाललीय, धंद्यातलं सगळं आम्हाला ठाऊक आहे. मग बाहेरच्याला बैठकीत बसवून काय मिळणार?"

तुम्ही विचारायचे सोडून दिलेले प्रश्न मिळतील. माझ्या मते त्याच्याकडून घेण्यासारखं तेवढंच असतं. सल्ला आणि ओळखी इतर ठिकाणीही मिळतात.

आधी एक शब्द मोकळा करतो. गोव्यात 'भायलो' म्हटलं की वेगळाच वाद डोळ्यांपुढे येतो. इथे बाहेरचा म्हणजे गोव्याबाहेरचा नव्हे. तुमच्या वाड्यावरचाही चालेल, फक्त त्याचं पोट, नातं किंवा पैसा तुमच्या कंपनीत अडकलेला नसावा. मुंबईहून आणलेला सल्लागार तुमच्या मोठ्या गिऱ्हाइकाचा मेव्हणा असेल, तर तो आतलाच.

काजूचा कारखाना घ्या. बी वाफवली, फोडली, गर ड्रायरमधून निघाले आणि साल काढायच्या टेबलांवर गेले. अख्खा गर 'डब्ल्यू ३२०' म्हणून, म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० या हिशेबाने, चांगल्या भावाने जातो. पाकळी आणि तुकडा त्याच्या बराच खाली. समजा जून-जुलैत तुकडा वाढतो. मॅनेजर म्हणतो, "पावसात एवढं फुटतंच." पात्रांव, म्हणजे मालकही तेच म्हणतो, कारण त्याच्या वडिलांनीही तेच सांगितलेलं असतं. बाहेरचा माणूस टेबलापाशी उभा राहून विचारतो, "ट्रे ड्रायरमधून निघाल्यापासून इथे येईपर्यंत किती वेळ उघडा असतो?" हे कुणी मोजलेलंच नसतं. गर नीट कोरडा असला तर साल बोटांनी चोळून सुटते. उघड्या ट्रेने पावसाळी हवेतला ओलावा ओढला की ती चिकटून बसते, मग सुरीने खरवडावी लागते आणि त्यात गर चिरतो, फुटतो. आठवडाभर प्रत्येक ट्रेवर खडूने वेळ लिहा आणि प्रत्येक टेबलाचा तुकडा वेगळा तोला. दोष पावसाचा आहे, की जेवणाच्या सुट्टीआधी काढून ठेवलेल्या ट्रेंचा, हे सात दिवसांत समोर येईल. हा प्रश्न विचारायला काजूतलं काही कळावं लागत नाही. 'फुटतंच', 'लागतंच', 'उशीर होतोच' यातला 'च' ऐकू आला की तिथे थांबायचं, एवढीच त्याची युक्ती.

दुसरा प्रश्न घरच्यांना अपशकुनी वाटतो: सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सहा महिने बंद पडलं तर? गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी सप्टेंबर २०१२ मध्ये बंद झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा. ट्रक, बार्ज, गॅरेज, टायरवाले, सगळे त्या एकाच खांबाला टेकलेले होते. हा प्रश्न कुणाच्या मनात आलाच नसेल असं नाही, पण घरच्या बैठकीत तो मोठ्याने विचारणं अवघड असतं.

तिसरा तर इथलाच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर गोव्यातल्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक असते, शेअरसुद्धा त्यात आले. आयकर कायद्यात पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं दाखवायचं ते त्यामुळेच. मालक गेला तर निम्मा वाटा पत्नीचा स्वतःचाच, आणि उरलेल्यातलाही निम्मा वारसांसाठी राखीव, मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे निम्म्या मालकीची बाई कंपनीच्या बैठकीत कधी आलेलीच नसते. "वहिनींना ताळेबंद वाचता येतो का?" हे दीर विचारणार नाही. बाहेरच्याने विचारावं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. प्रायव्हेट लिमिटेडला स्वतंत्र, म्हणजे असा बाहेरचा, संचालक नेमण्याची सक्ती नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र लागतात. न नोंदलेल्या पब्लिक कंपनीचं भरणा झालेलं भांडवल १० कोटी किंवा उलाढाल १०० कोटी असेल, किंवा कर्जं आणि ठेवी मिळून ५० कोटींच्या वर असतील, तर दोन. पण सक्तीने माणूस येतो, प्रश्न येतोच असं नाही. 'सत्यम' या आयटी कंपनीच्या संचालक मंडळावर नामांकित प्राध्यापक आणि माजी कॅबिनेट सचिव होते. १६ डिसेंबर २००८ ला त्यांनी प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या विकत घ्यायला मंजुरी दिली, आणि ७ जानेवारी २००९ ला खोट्या हिशेबांची कबुली बाहेर आली.

म्हणून त्याला एकदम संचालक करू नका. सहा महिने सल्लागार म्हणून घ्या, मानधन आणि गुप्ततेच्या अटी एका पत्रात लिहून द्या. मानधन द्याच. फुकट आलेला माणूस भिडेपोटी गप्प बसतो. प्रायव्हेट कंपनीचा कर थकला तर तो संचालकांकडूनही वसूल होऊ शकतो, त्यामुळे शहाणा माणूस संचालक व्हायला कचरतो. त्याला भित्रा समजू नका. बँक त्याच्याकडे वैयक्तिक हमी मागेल, तीही त्याला द्यायला लावू नका, कारण हमी दिली की तो आतला झाला. पुढे संचालक केलंतच तर आधी डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक), मग डीआयआर-२ या फॉर्ममध्ये त्याची लेखी संमती आणि नेमणुकीपासून ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे डीआयआर-१२ हा फॉर्म.

बैठकीच्या सात दिवस आधी त्याच्याकडे तीन कागद पोचले पाहिजेत: गिऱ्हाइकांकडून येणं असलेल्या पैशांची यादी (४५ दिवसांच्या आतली, ९० पर्यंतची आणि त्यापुढची अशी फोडून), बँकेतली शिल्लक, आणि परत आलेल्या मालाचा हिशेब कारणांसह. रंगीत स्लाइड नकोत. बैठकीआधी तासभर त्याला एकट्याला फॅक्टरीत फिरू द्या, तुम्ही बरोबर जाऊ नका. तुम्ही असलात की कामगार तुमच्याकडे बघून उत्तर देतात. मात्र त्याने फक्त विचारायचं, हुकूम द्यायचा नाही. हे बहुतेक ठिकाणी बिघडतं. तो पॅकिंगवाल्याला "उद्यापासून असं करा" म्हणतो, मॅनेजरचा मान जातो, आणि महिन्याभरात सगळे त्याला खरं सांगायचं सोडून देतात.

त्याचा प्रत्येक प्रश्न एका वहीत लिहा, समोर उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तारीख. 'बघू' हे उत्तर धरायचं नाही. 'माहीत नाही, दहा दिवसांत मोजून सांगतो' हे चालेल.

आणि मुदत ठरवा, तीन वर्षं पुरे. तोवर त्यालाही वहिनींच्या हातची सोलकढी आवडायला लागते आणि 'फुटतंच' त्याच्याही तोंडी येतं. जाताना त्याला वही तुमच्याकडे ठेवायला सांगा, आणि त्यातल्या उत्तर न मिळालेल्या प्रश्नांवर नव्या माणसाची पहिली बैठक लावा.