तुम्ही विचारलंत म्हणून : खडकीच्या युद्ध दफनभूमीत मी का जातो?

घरातले कोणीही सैन्यात नसलेल्या पुणेकराने खडकीच्या युद्ध दफनभूमीत पुन्हा पुन्हा का जावे, असे मला अनेक जण विचारतात. काहींच्या प्रश्नाला धारही असते : ज्यांनी आपल्यावर राज्य केले, त्यांच्या शिपायांच्या कबरीवर फुले कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. तेथे पुरलेले बहुतेक जण राज्यकर्ते नव्हते, एवढे मात्र आधी सांगितले पाहिजे. ब्रिटनमध्ये १९१६ पासून आणि पुन्हा १९३९ पासून सक्तीची सैन्यभरती होती आणि तिने उचलून आणलेली विशी-बाविशीची मुले या ओळींमध्ये आहेत. पुणे-मुंबई रणभूमीपासून दूर असल्यामुळे त्यांतली अनेक मुले लढाईत नव्हे, तर आजाराने किंवा अपघाताने गेली. पश्चिम आणि मध्य भारतातील छावण्यांमध्ये विखुरलेल्या कबरींची कायमची देखभाल होईल अशी खात्री नव्हती, म्हणून दुसऱ्या महायुद्धातील मृतांना येथे एकत्र आणले गेले. त्यांची संख्या १,६६८ आहे. लढाईच्या क्षेत्राबाहेर भारतात मरण पावलेल्या पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेच्या १९३ सैनिकांचे स्मारकही याच आवारात आहे. स्वतःच्या मुलखावर दुसऱ्याचे राज्य असताना दुसऱ्याच्या युद्धासाठी तिसऱ्याच देशात येऊन मेलेल्या या माणसांना परके म्हणणे मला जमत नाही.

तरीही माझे खरे उत्तर वेगळे आहे. मी तेथे जातो तो नावे वाचण्यासाठी. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख, वय आणि कित्येक ठिकाणी आईवडिलांनी किंवा पत्नीने निवडलेली एखादी ओळ, एवढेच तेथे कोरलेले असते आणि तेवढ्यावरून एक माणूस उभा राहतो. या दफनभूमींची जबाबदारी असलेला आयोग (आजचा ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’) १९१७ मध्ये स्थापन झाला, तेव्हा प्रत्येक मृताची स्मृती त्याच्या नावाने जपली जाईल आणि हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून भेद होणार नाही, हे त्याचे तत्त्व ठरले. खडकीत ते तत्त्व पाळलेले दिसते. आपल्या माणसांच्या बाबतीत ते किती पाळले गेले, हा प्रश्न मला तिथेच पहिल्यांदा पडला आणि त्याने मला आजवर सोडलेले नाही.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी फौज प्रथम उतरली, ती सहावी पुणे डिव्हिजन होती. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी तिच्यात होत्या. सातारा, रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांतील माणसे त्यांत लढली, तिथल्या कूत शहराच्या वेढ्यात उपाशी राहिली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाल्यावर तुर्कांच्या कैदेत गेली, जिथून अनेक जण परतलेच नाहीत. त्याच मोहिमेतले जखमी आणि आजारी इस्पितळ-जहाजांतून मुंबईला आणले जात. मुंबईत शिवडीला पुरलेल्या पहिल्या महायुद्धातील ६२९ सैनिकांचे अवशेष मार्च १९६२ मध्ये खडकीला हलवले गेले आणि त्यांची नावे येथील स्मारकावर आहेत. इराकमधील बसरा स्मारकावर मात्र भारतीय सैन्यातील अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या शिपायांचा पलटणीखाली केवळ आकडा लिहिला गेला. आयोगाच्याच २०२१ च्या अहवालाने हा भेद उघडपणे मान्य केला : ४५,००० ते ५४,००० मृतांची, ज्यांत भारतीयांची संख्या मोठी आहे, स्मृती असमान रीतीने जपली गेली आणि किमान १,१६,००० जणांची नावाने नोंदच झाली नाही.

हा आकड्यांचा प्रकार परदेशापुरता नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातील ४६ जण पहिल्या महायुद्धात मरण पावले. अशा अनेक गावांमध्ये तेव्हाच्या सरकारने बसवलेली संगमरवरी पाटी आजही सापडते : या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. ते कोण, हे पाटी सांगत नाही. खडकीत वीस वर्षांच्या परक्या मुलाचे नाव वाचताना मला ही पाटी आठवते, आणि तेथील व्यवस्थेबद्दल आदर वाटतो तसा आपल्या माणसांसाठी संतापही येतो.

दुसऱ्या महायुद्धात परिस्थिती पुष्कळ सुधारली. पाचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे, आजच्या रायगड जिल्ह्यातले, १० जुलै १९४४ रोजी इटलीत तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. हाताखालचे सारे जवान मेलेले किंवा जखमी असताना त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चाल केली होती. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या या बावीस वर्षांच्या तरुणाचे नाव इटलीतील कॅसिनो या गावच्या स्मारकावर आहे आणि २०२३ मध्ये मोंतोने गावात त्यांचे स्वतंत्र स्मारकही उभे राहिले. इटलीतील लोक जर त्यांच्यासाठी थांबत असतील, तर खडकीत मी थांबतो यात विशेष काही नाही.

तुम्हाला जायचे असेल तर मोठ्या समारंभाची वाट पाहू नका. एक ओळ निवडा, सावकाश चाला, नावे मनात नव्हे, तर हलक्या आवाजात वाचा. घरात किंवा गावात पहिल्या महायुद्धाला गेलेल्या कोणाची आठवण सांगितली जात असेल, तर आयोगाच्या संकेतस्थळावर त्या व्यक्तीचा शोध घ्या. बसऱ्याच्या दगडावर नसलेली अनेक नावे त्या यादीत आहेत. मराठी नावांची रोमन लिपीतील रूपे फार वेडीवाकडी असतात आणि आडनाव पुष्कळदा एखाद्या अक्षराने चुकलेले असते, तेव्हा केवळ आडनावावर विसंबू नका. अनेक नोंदींमध्ये वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. गावाच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगने शोध सुरू केला, तर माणूस सापडण्याची शक्यता वाढते.