बिल्डिंगचा एक फोटो दे

रविवार, रात्री पावणेबारा

झोप येत नाहीये म्हणून लिहितोय. सकाळी दूध आणायला उतरलो तर जिन्यात सेक्रेटरी काका भेटले, म्हणाले, "अरे तू फोटो काढतोस ना, आपल्या बिल्डिंगचा एक चांगलासा फोटो दे, बिल्डिंग पाडायला द्यायचीय, चाव्या द्यायच्या आधी गच्चीत सगळे जेवायला जमणार आहोत तेव्हा मोठा करून लावू, घरटी एक कॉपी पण देऊ." मी म्हटलं हो काका, भरपूर आहेत, संध्याकाळपर्यंत पाठवतो. इतक्या तोऱ्यात म्हटलं की आता आठवलं तरी कसंतरी होतंय.

कारण नाहीये. एकही नाहीये.

जन्मापासून इथेच राहतोय, ठाण्याला नौपाड्यात, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, १९७४ चं बांधकाम, आणि त्यातली गेली चौदा वर्षं माझ्याकडे डीएसएलआर आहे. दुपारभर दोन हार्ड डिस्क उपसल्या. फ्लेमिंगोंचे फोल्डर मोजायचे सोडून दिले. (मराठीत रोहित म्हणायचं, पण खाडीवर कोणी तसं म्हटलेलं मी ऐकलं नाही.) ऑफिस ऐरोलीला, त्यामुळे नोव्हेंबर ते मे दर दुसऱ्या शनिवारी कुठेतरी चिखलाच्या काठावर मी असणारच, कधी ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने, कधी सीवूड्सला डीपीएसच्या तलावावर. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला तेव्हा ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते मी. उडता फ्लेमिंगो, एका पायावरचा फ्लेमिंगो, मान खाली घालून खाणारा फ्लेमिंगो, सगळे एक हजारांश सेकंदाला गोठवलेले, पंखातला काळा भाग नीट दिसतोय. आणि चाळीसेक वर्षं ज्या घरात झोपतोय त्याचा फोटो नाही.

म्हणजे बिल्डिंग आहे तशी फोटोंत. खूप फोटोंत आहे. पुतणीच्या मागे आहे, आईच्या साठीला गॅलरीत काढलेल्या फोटोत आहे, पाडव्याला स्वागतयात्रेसाठी नऊवारी नेसून सगळ्या जणी गेटपाशी उभ्या होत्या त्यांच्या मागे आहे. पण कशी आहे, तर मलईसारखी. एक पिवळट धब्बा, त्यात ग्रिलच्या जागी दोन-चार करडे पट्टे. मीच तशी केलीय, पैसे देऊन.

त्याची पण गंमतच. निकॉनची डी३१०० घेतली तेव्हा सोबत १८-५५ ची किट लेन्स आली, आणि महिन्याभरात सगळे सांगायला लागले की ती फेकून दे, फिफ्टी घे, म्हणजे ५० एमएमची लेन्स, एफ १.८, म्हणजे छिद्र मोठं, बॅकग्राउंड असं उडतं की बस. फोर्टातल्या बोरा बाजारात गेलो, स्वस्तातली फिफ्टी घेऊन आलो, घरी येऊन बघतो तर ऑटोफोकसच होईना, कारण या बॉडीत फोकसची मोटर नाही आणि त्या जुन्या पद्धतीच्या लेन्समध्येही नसते, हे दुकानदाराने सांगायची तसदी घेतली नव्हती. परत फोर्टला जाऊन, हुज्जत घालून, वर पैसे टाकून मोटरवाली आणली. त्यानंतर ती कॅमेऱ्यावरून खाली उतरलीच नाही, खाडीवर जायचं असेल तेवढीच. घरात दिवसभर बोके हा शब्द, म्हणजे मागचा उडवलेला, धूसर भाग. बोके छान आलेत, बोके बघ कसे गोल आहेत. आई एकदा वैतागून म्हणाली, "कुठे आहेत रे बोके, मला तर एकही मांजर दिसत नाही."

आज बसून हिशेब केला. माझ्या कॅमेऱ्यावर फिफ्टी एफ १.८ ला ठेवून दोन मीटरवरच्या माणसावर फोकस केला की शार्प पट्टा मिळतो जेमतेम अकरा-बारा सेंटीमीटरचा. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत समजा. तीच दोन मीटर, पण किट लेन्स १८ ला, एफ ८, म्हणजे छिद्र लहान, तर एक मीटरपासून पार आभाळापर्यंत सगळं नीट. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पुतणीला मीच शिकवलंय. पण आमच्यात एफ ८ ला पोर्ट्रेट काढणारा म्हणजे नवशिका, आणि नवशिका दिसायची मला भयंकर भीती.

चार वाजता आईने कपाटातून बाबांचा फोटो काढून दिला. आग्फा क्लिक थ्रीवर काढलेला, १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो यायचे ना, त्यातला. बाबा स्कूटरला टेकून उभे, डोळे मिटलेले, म्हणजे फोटो म्हणून फुकटच गेलेला. पण त्या डब्याला फोकस करताच यायचं नाही, एकदाच काय ते फॅक्टरीत बसवलेलं, त्यामुळे बॅकग्राउंड उडवणंही त्याला ठाऊक नाही. मागे सोसायटीची पाटी अक्षरन् अक्षर वाचता येते. आंब्याचं झाड बाबांच्या कमरेएवढं आहे, जे आता तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या गॅलरीत कैऱ्या टाकतं. तळमजल्याच्या खिडकीत कोणीतरी बाई तांदूळ निवडतेय, ती कोण हे आईलाही सांगता येईना, बराच वेळ चष्मा वरखाली करून बघत बसली. तोच पाठवला असता, पण बिल्डिंग त्यात पहिल्या मजल्यापर्यंतच आलीय.

मग किट लेन्स शोधली. मोजे ठेवायच्या खणात निघाली, सिलिका जेलशिवाय, आणि काचेच्या कडेला बुरशीचे दोन बारीक धागे. आपल्याकडच्या पावसाळ्यात दुसरं काय होणार. पुसून पाहिलं, आतून आहे. म्हटलं असू दे.

खाली उभं राहून कॅमेरा वर केला की भिंती वरच्या बाजूला आत झुकतात आणि बिल्डिंग मागे कलंडल्यासारखी दिसते. आधीच पाडणार आहेत, त्यात माझ्या फोटोत ती आत्ताच पडतेय. यावर शिफ्ट लेन्स नावाचा इलाज आहे, पण तिच्या किमतीत आमच्या नव्या फ्लॅटचं किचन होईल. दुसरा इलाज फुकट आहे, बिल्डिंगच्या निम्म्या उंचीवर जायचं आणि कॅमेरा अगदी लेव्हलला धरायचा. म्हणून समोरच्या काकूंची बेल वाजवली. दुसऱ्या मजल्याच्या त्यांच्या खिडकीतून आमचं घर मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. म्हणजे त्यांना आम्ही रोज असे दिसत होतो, वाळत घातलेल्या टॉवेलांसकट. काकू चहा ठेवायला गेल्या आणि आतूनच म्हणाल्या, "तुमचे बाबा रोज सकाळी त्या गॅलरीत पेपर उलटा करून आधी मागचं पान वाचायचे." हे मला माहीत नव्हतं. मी त्या वेळी झोपलेलो असायचो.

पॅरिसला अ‍ॅटगे म्हणून एक फोटोग्राफर होऊन गेला, १९२७ साली वारला. अवजड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन जुन्या पॅरिसच्या गल्ल्या, दुकानांच्या दर्शनी बाजू, जिन्यांचे कठडे काढत फिरायचा, पाडापाडीत जातील म्हणून. चित्रकारांना संदर्भासाठी विकायचा, आणि त्या फोटोंना तो कलाकृती नाही, नुसते दस्तऐवज म्हणायचा. मी पूर्वी ते फोटो बघून पुढे गेलो होतो. माणसंच नाहीत, काय बघायचं असं वाटलं होतं.

सहा वाजता आभाळ भरलेलं होतं, सावल्या नव्हत्या, प्रत्येक ओल आणि प्रत्येक पोपडा सारखाच उजळलेला. अशा उजेडाला मी एरवी मेलेला उजेड म्हणून कॅमेरा बॅगेत टाकतो. १८ एमएम, एफ ८, आयएसओ ४००. उजवा कोपरा सुटला, तिथला बोअरिंगचा पंप आला नाही, मागे सरकायला काकूंच्या शोकेसने जागाच ठेवली नव्हती. बाकी सगळं आलं. पावसासाठी ग्रिलला बांधलेल्या निळ्या ताडपत्र्या, गंजलेली डिश, दुसऱ्या मजल्यावरची तुळस, केबलच्या वायरींचं जाळं, गेटवर खुर्ची कलती करून बसलेला वॉचमन. आणि आमच्या गॅलरीत आई, मला हाका मारत असलेली. घरी येऊन स्क्रीनवर मोठं करून बघितलं तर चौदा मेगापिक्सेलमध्ये तिचं उघडं तोंड स्पष्ट दिसतंय. ती म्हणाली हा नको देऊस, दुसरा दे, मी ओरडतेय त्यात. म्हटलं दुसरा आहे, पण त्यात तू नाहीस. मग थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, दे हाच.

साडेनऊला काकांना पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं: "झकास!! फक्त त्या वायरी काढता येतील का?"

येतात. पाच मिनिटांचं काम आहे, फ्लेमिंगोंच्या मागचे विजेचे टॉवर मी डोळे मिटून काढतो.

नाही येत काका, म्हणून कळवलं.