एकाच क्लेरिकची तीन वळणं

तक्रार एका ओळीची होती. ‘या गिल्डची क्लेरिक म्हणजे एक माणूस नाही.’ गिल्ड म्हणजे ऑनलाइन गेममधली खेळाडूंची टोळी, क्लेरिक म्हणजे तिच्यात मंत्रांनी जखमा भरणारं, हीलरचं पात्र. तक्रार करणारा त्याच गिल्डमधून महिन्यापूर्वी हाकललेला डॅमेजवाला, म्हणजे शत्रूवर वार करणारा. आम्हा गेममास्टरांकडे, म्हणजे कंपनीतर्फे गेमवर देखरेख करणाऱ्यांकडे, अशा तक्रारी बहुतेक वेळा सूड म्हणूनच येतात. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर हॅकर पकडतो. प्रत्यक्षात निम्मा दिवस कुणाची अंगठी कुणाला गेली, या रुसव्याफुगव्यांत जातो.

एक अकाउंट अनेकांनी वापरणं आमच्या नियमात बसत नाही. लॉगिन तीन ठिकाणांहून होत होतं, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. माणसं प्रवास करतात, व्हीपीएन लावतात. म्हणून लढाईचे लॉग, म्हणजे कुणी केव्हा काय केलं याच्या नोंदी, उघडले. या कामात माझा हात कुणी धरणार नाही, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

हील करण्यालाही अक्षरासारखं वळण असतं. यातला एक हात मोठा, संथ मंत्र आधीच सुरू करून ठेवायचा आणि टँकला, म्हणजे पुढे राहून मार झेलणाऱ्याला, मार बसलाच नाही, तर शेवटच्या क्षणी अर्धं पाऊल सरकून तो तोडायचा. माना, म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती, त्याने वाचायचा. ही जुन्या खोडाची लकब. १९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये ‘कम्प्लीट हील’ला १० सेकंद लागायचे, म्हणून क्लेरिक पाळी लावून ठरावीक अंतराने तो मंत्र सोडत. त्या शाळेतला माणूस मार बसायची वाट बघत नाही. दुसरा हात घाबरट. टँकला जरा ओरखडा आला की छोटे मंत्र धडाधड, निम्म्याहून जास्त ओव्हरहील, म्हणजे गरज नसताना वाया गेलेलं, आणि बॉस, म्हणजे मुख्य शत्रू, अर्धा शिल्लक असताना माना खडखडाट. तिसरा थंड. टँक मरायला टेकेपर्यंत ढिम्म, मग एकदम सगळं. बघताना माझाच जीव टांगणीला लागला, पण त्याच्या पाळीत टँक मेलेला एकदाही सापडला नाही.

मग गिल्डचं चॅट वाचलं. रेडच्या, म्हणजे मोठ्या गटाने मिळून करायच्या लढाईच्या, आधी क्लेरिक नुसती टिंबं टाइप करायची. कधी दोन, कधी तीन, कधी चार. तीन टिंबं आली की कुणीतरी लिहायचं, ‘मानाच्या बाटल्या जास्त घ्या रे.’ चार आली की टँक लिहायचा, ‘चला, आज काळजावर दगड.’ बरंच मागे गेल्यावर एकच टिंब सापडलं, सात महिन्यांपूर्वीचं. त्याच रात्री त्याखाली तिने लिहिलं होतं, ‘मला आता जमणार नाही. पासवर्ड तुमच्याकडे आहेच.’

पाच जणांच्या गटात एक टँक, एक हीलर, तीन डॅमेज. म्हणजे दर पाचांत एक हीलर हवा. क्लास निवडायच्या पडद्यावर मात्र ज्याला त्याला तलवार हवी. हीलरला बॉस धड दिसतही नाही, दिसतात त्या गटातल्यांचा जीव किती उरला ते दाखवणाऱ्या हिरव्या पट्ट्या. टँक मेला की खापर त्याच्यावर, बॉस मेला की स्क्रीनशॉटमध्ये पुढे तलवारवाले. डिझाइनवाल्यांना हे सांगावं, तर ते बक्षीस वाढवतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टनेही २०११ मध्ये टंचाई असलेल्या भूमिकेसाठी अनोळखी लोकांचे गट जुळवणाऱ्या रांगेत जादा बक्षिसाची पिशवी ठेवली होती. रांग हलते त्याने, मान्य. पण अनोळखी लोकांत पिशवीपुरतं हीलर होणं वेगळं, आणि आठवड्यातून दोन रात्री त्याच एकोणीस जणांच्या पट्ट्या बघत बसणं वेगळं. या तिघांनी ते बसणं वाटून घेतलं होतं. ज्याची पाळी नसे तो आपली तलवार घेऊन यायचा.

वरिष्ठांना लिहिलं, ताकीद देऊन सोडू या. ते म्हणाले, “पैसे घेऊन चालवलेलं अकाउंट आणि मैत्रीत चालवलेलं अकाउंट, यातला फरक मला लॉगमध्ये दाखव.” दाखवता येईना. व्यवहार गेमबाहेर होतात, लॉगमध्ये उमटत नाहीत. माणूस सरळ आहे, बोलला तेही बरोबर. फक्त आयुष्यात कधी रेडला गेलेला नाही.

दुपारी चारला मी अकाउंट बंद केलं. दुसऱ्या दिवशी केलं असतं तरी चाललं असतं. त्या रात्री त्यांची रेड होती, हे मला ठाऊक होतं.

नऊ वाजता अदृश्य होऊन त्यांच्या गुहेपाशी जाऊन उभं राहण्याची गरज नव्हती. गेलो. एकोणीस जण दाराशी. कुणी उड्या मारतंय, कुणी शेकोटी पेटवतंय. डॅमेजवाल्यांपैकी एकाने विचारलं, ‘किती टिंबं?’ टँकने लिहिलं, ‘एकही नाही.’ चाळीस मिनिटांनी एकेक जण मावळत गेला. शेकोटी विझेपर्यंत टँक तिथेच होता.

आठवड्याने पाहिलं तर गिल्डची जाहिरात लागली होती. ‘हीलर हवा. अनुभव नसला तरी चालेल. माणूस एकच असावा.’